समाजातल्या दारूचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारूच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते, पत्रकार, संख्याशास्त्राचे विद्यार्थी आणि घरात पिणारं माणूस असलेले अनेक जण हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अवघड नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्या उदाहरणाआधी ‘समजा’ लिहिलं आहे, त्यातले आकडे फक्त हिशेब समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

१. दारूच्या धोक्याचं ‘गणिती मॉडेल’ म्हणजे नेमकं काय?

तीन गोष्टी एकत्र मांडायच्या. वस्तीत कोण किती पितं, तेवढं पिण्याने कोणता आजार किती पटीने वाढतो, आणि तो आजार त्या वस्तीत मुळात किती आहे. या तिन्हींचा मेळ घातला की वस्तीतल्या आजारांपैकी आणि मृत्यूंपैकी दारूच्या वाट्याला किती जातात याचा अंदाज मिळतो. त्यापुढचा उपयोग जास्त मोलाचा आहे. दुकानं कमी झाली, किंमत वाढली किंवा उपचार मिळाले तर हा आकडा किती बदलेल, हे प्रत्यक्षात करण्याआधी तपासता येतं. पोलीस, उत्पादन शुल्क खातं आणि आरोग्य खातं आपापले आकडे वेगवेगळ्या फायलींत ठेवतात. ते एकमेकांसमोर आणण्याचं काम मॉडेल करतं.

२. दारू मोजायची कशात? देशी, बिअर, व्हिस्की, सगळं वेगवेगळं असतं ना?

सगळं शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅममध्ये आणायचं. मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.७८९, कारण एक मिलिलिटर अल्कोहोलचं वजन ०.७८९ ग्रॅम भरतं. भारतात विदेशी मद्य साधारण ४२.८ टक्क्यांचं असतं. म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि यालाच एक प्रमाण मात्रा धरतात. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६१ ग्रॅम, म्हणजे सहा मात्रा होतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम, म्हणजे चार मात्रा. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

परदेशी अभ्यास वाचताना एक काळजी घ्या. ब्रिटनमध्ये एक युनिट ८ ग्रॅमचं असतं. तिथले ‘आठवड्याला १४ युनिट’ म्हणजे आपल्या ११ पेगांच्या आसपास.

३. लोक खरं कुठे सांगतात? मग सर्वेक्षणावर विश्वास ठेवायचा कसा?

पूर्ण ठेवायचाच नाही. जगभरात सर्वेक्षणात सांगितलेली दारू आणि प्रत्यक्ष विकलेली दारू यांची तुलना केली, तर सांगितलेली बऱ्याचदा ४० ते ६० टक्केच भरते. जास्त पिणारा माणूस सर्वेक्षक येतो तेव्हा घरी सापडत नाही, आणि सापडला तर कमी सांगतो. म्हणून मॉडेलमध्ये एकूण प्रमाण विक्रीच्या आकड्यावरून घेतात आणि ते कोणाकोणात कसं वाटलं गेलं हे सर्वेक्षणावरून ठरवतात. विक्रीचा आकडाही पूर्ण धरत नाहीत. सांडलेली, वाया गेलेली दारू आणि अभ्यासात भाग घेणाऱ्यांचंही कमी सांगणं लक्षात घेऊन त्याचा साधारण ८० टक्के भाग हिशेबात घेण्याची पद्धत आहे.

भारतात दुसरी अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साठी भारतातला खप दर प्रौढामागे वर्षाला ५.७ लिटर शुद्ध अल्कोहोल इतका धरला होता, आणि त्यातला जवळजवळ अर्धा भाग नोंद नसलेल्या दारूचा होता. हातभट्टी, चोरटी आयात, घरी गाळलेली, सगळं त्यात आलं. एक साधा हिशेब करा. ५.७ लिटर म्हणजे दर प्रौढामागे रोज १२ ग्रॅम. समजा पाचांतला एकच पितो, तर त्याच्या वाट्याला रोज ६० ग्रॅमच्या वर जातात, म्हणजे रोज एक क्वार्टर. आपल्याकडे पिणारे तुलनेने कमी आहेत, पण पितात ते खूप पितात. पाश्चात्त्य देशांतलं मॉडेल जसंच्या तसं इथे चालत नाही, त्याचं मोठं कारण हेच.

सर्वेक्षणातली टक्केवारी वाचताना परिस्थितीही बघावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) दारू पिणारे पुरुष महाराष्ट्रात १३.९ टक्के निघाले, आणि दारूबंदी असलेल्या बिहारमध्ये १५.५ टक्के. या दोन आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नका. का ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. प्रत्येक माणूस वेगळा. मग सरासरीवरून काय कळणार?

या विषयातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ सुली लेडरमन यांनी १९५६ मध्ये असं मांडलं की पिणाऱ्यांचं वाटप कसंही, मनमानी नसतं. आलेख काढला तर बहुतेक जण कमी पिणाऱ्यांच्या बाजूला गोळा होतात आणि उजवीकडे लांबलचक शेपूट निघतं. सरासरी सरकली की हे शेपूटही सरकतं. लेडरमन यांचं सूत्र फार ताठर होतं आणि त्यावर रास्त टीका झाली. पण पुढे नॉर्वेच्या ओले-यॉर्गन स्कोग यांनी १९८५ मध्ये दाखवलं की समाजाचा खप वाढला की कमी पिणारे, मध्यम पिणारे आणि अतिरेकी पिणारे सगळेच एकत्र वर सरकतात. माणसं एकमेकांच्या सोबतीने पितात, एकमेकांकडे बघून पितात. त्यामुळे एका टोकाला ओढ बसली की दुसरं टोकही हलतं.

आज यासाठी बहुधा गॅमा वितरण, म्हणजे अशाच लांब शेपटाच्या आलेखाचं गणिती सूत्र, वापरतात. अनेक देशांच्या सर्वेक्षणांवरून २०१२ मध्ये असं दिसलं की पुरुषांमध्ये प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) सरासरीच्या सुमारे १.१७ पट असतं आणि स्त्रियांमध्ये १.२६ पट. याचा अर्थ असा की सरासरी कळली की अख्खा आलेख काढता येतो.

आता हिशेब. समजा १,००० पिणारे पुरुष आहेत आणि त्यांची सरासरी रोज ४० ग्रॅम आहे. या वितरणानुसार रोज ६० ग्रॅमपेक्षा जास्त, म्हणजे क्वार्टर किंवा त्याहून अधिक पिणारे सुमारे २२५ निघतात. १०० ग्रॅमच्या वरचे सुमारे ९९. सरासरी फक्त १० टक्क्यांनी उतरवा, ४० वरून ३६ वर आणा. पहिला आकडा १९६ होतो, दुसरा ७९. सरासरी एक दशांशाने उतरली आणि सगळ्यात टोकाचे पिणारे एक पंचमांशाने घटले. गावात ‘फक्त त्या चारपाच दारुड्यांचं काहीतरी करा’ अशी मागणी होते, तेव्हा हा हिशेब समोर ठेवावा. ते चारपाच जण बाकीच्यांपासून तुटलेले नसतात.

५. म्हणजे कधीमधी पिणाऱ्यांनाही दोष द्यायचा?

दोष देण्याचा संबंधच नाही, मोजण्याचा आहे. समजा १,००० पिणाऱ्यांत १०० जण खूप पितात आणि त्यांना वर्षभरात अपघात किंवा मारामारीत जखमी होण्याची शक्यता ५ टक्के आहे. उरलेल्या ९०० जणांची शक्यता फक्त १ टक्का. तरी जखमी होणाऱ्यांत पहिल्या गटातले ५ असतील आणि दुसऱ्यातले ९. धोका कमी, पण माणसं जास्त. जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्ये याला प्रतिबंधाचा विरोधाभास म्हटलं आणि नॉर्मन क्राइटमन यांनी १९८६ मध्ये तो दारूला लावून दाखवला. सगळ्याच आजारांना हे लागू होत नाही. यकृताचा सिरॉसिस (यकृत कायमचं कडक आणि निकामी होत जाणं) मात्र जास्त पिणाऱ्यांमध्येच एकवटलेला असतो.

६. ‘दारूमुळे इतके मृत्यू’ हा आकडा येतो कुठून? दाखल्यावर तर तसं लिहिलेलं नसतं.

काही आजारांत कारण शंभर टक्के दारूच असते, उदाहरणार्थ मद्यजन्य यकृतविकार. ते सरळ मोजता येतात, अर्थात नोंद झाली असेल तरच. भारतात २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित केलेले मृत्यू फक्त २२.५ टक्के होते.

बाकी आजार अनेक कारणांनी होतात. तिथे ‘लोकसंख्येतला जबाबदार वाटा’ काढतात. मॉर्टन लेव्हिन यांनी १९५३ मध्ये हे सूत्र धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगासाठी दिलं. धोक्यात असलेल्यांचं प्रमाण गुणिले (धोक्याची पट वजा एक), आणि त्याला तीच संख्या अधिक एकने भागायचं. क्षयरोगाचं उदाहरण घ्या, कारण आपल्याकडे तो सगळ्यात जवळचा आहे. दिवसाला ४० ग्रॅमपेक्षा जास्त पिणाऱ्यांना किंवा दारूच्या आहारी गेलेल्यांना क्षयरोग होण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो. समजा तालुक्यातल्या पुरुषांत असे १० टक्के आहेत. ०.१ गुणिले २ म्हणजे ०.२, भागिले १.२, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. क्षयाच्या ६० पुरुष रुग्णांपैकी १० जणांचा क्षय दारू नसती तर झाला नसता, असा याचा अर्थ. ते १० जण कोणते हे मात्र सूत्र कधीच सांगू शकत नाही.

७. जागतिक आकडे दर वेळी वेगळे का? कधी ३० लाख, कधी २८, कधी २६.

तिन्ही खरे आकडे आहेत. २०१६ साठी जागतिक आरोग्य संघटनेने ३० लाख मृत्यू दिले, आणि त्याच वर्षासाठी ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज या अभ्यासगटाने २८ लाख. संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०१९ साठी २६ लाख आहेत. कोणते आजार धरले, धोक्याचा वक्र कोणता घेतला आणि तुलना कशाशी केली, यावर आकडा सरकतो. बातमीत आकडा छापताना वर्ष आणि संस्था सोबत छापा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

८. थोडी दारू हृदयाला चांगली, असं डॉक्टरच सांगायचे. मॉडेल काय म्हणतं?

जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांपेक्षा थोडं पिणाऱ्यांचे मृत्यू कमी दिसायचे. त्या आलेखाला इंग्रजी ‘जे’ अक्षराचा आकार यायचा. यातली खोट १९८८ मध्ये ब्रिटिश संशोधक शेपर यांनी दाखवली. ‘न पिणारे’ या गटात तब्येत बिघडल्यामुळे दारू सोडलेले लोकही मिसळलेले असतात. त्यांच्याशी तुलना केली की थोडं पिणारे आपोआप ठणठणीत दिसतात.

यापेक्षा पक्का पुरावा २०१९ मध्ये चीनमधून आला. तिथल्या बऱ्याच लोकांना जन्मतःच अशी जनुकं असतात की दारू प्यायली की त्यांना त्रास होतो, म्हणून ते कमी पितात. जनुकं आपण निवडत नाही, त्यामुळे ही तुलना जास्त स्वच्छ. पाच लाखांहून अधिक लोकांच्या त्या अभ्यासात, जनुकांच्या आधारे बघितल्यावर, थोड्या दारूने पक्षाघातापासून मिळणारं ‘संरक्षण’ नाहीसं झालं. दारू वाढत गेली तसा पक्षाघाताचा धोका वाढत गेला.

स्तनाच्या कर्करोगात तर ‘जे’चा प्रश्नच येत नाही. रोजच्या दर १० ग्रॅममागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडच्या मॉडेलमध्ये संरक्षणाचा भाग शून्य धरून हिशेब करावा आणि तसं स्पष्ट लिहावं, असं माझं मत आहे. रोज अर्धा पेग घेऊन थांबणारा माणूस आपल्याकडे पिणाऱ्यांचा नमुना नाही (प्रश्न ३ मधला क्वार्टरचा हिशेब पाहा).

९. आमच्याकडे पिणारे तंबाखूही खातात. तोंडाचा कर्करोग कोणाच्या खात्यात घालायचा?

दोघांच्या. समजा तोंडाच्या कर्करोगातला ६० टक्के वाटा तंबाखूचा निघाला आणि ४० टक्के दारूचा. सरळ बेरीज १०० येते आणि इतर कारणांना जागाच उरत नाही. बेरीज १०० च्या वर गेली तरी ती चूक नसते, कारण एकच रुग्ण दोन्ही खात्यांत मोजलेला असतो. दोन्ही मिळून वाटा काढायचा तर उरलेल्या भागांचा गुणाकार करतात. १ वजा (०.४ गुणिले ०.६), म्हणजे ७६ टक्के. पण यात दोन्ही सवयी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं गृहीत आहे, आणि आपल्याकडे त्या बऱ्याचदा एकाच माणसात असतात. शिवाय दोन्ही एकत्र आल्या की तोंडाच्या कर्करोगाचा धोका साध्या बेरजेपेक्षा बराच जास्त वाढतो. शक्य असेल तिथे चार गट वेगळे करा: दोन्ही नाही, फक्त तंबाखू, फक्त दारू, दोन्ही.

१०. दारू साथीसारखी पसरते असं म्हणतात. हे नुसतं बोलायला आहे, की खरंच त्याचं गणित आहे?

गणित आहे, आणि त्याचं एक मूळ मुंबईत आहे. केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी १९२७ मध्ये साथींचं जे प्रसिद्ध मॉडेल मांडलं, ते त्यांनी मुंबई बेटावरच्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंवर ताडून पाहिलं होतं. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साथीतून बाहेर पडलेले असे तीन गट त्यात असतात.

२००७ मध्ये फॅबियो सांचेझ आणि सहकाऱ्यांनी हीच रचना दारूला लावली. कधीमधी पिणारे, समस्या होण्याइतकं पिणारे आणि सोडलेले असे तीन गट. पहिल्यातून दुसऱ्यात माणसं जातात ती पिणाऱ्यांच्या संगतीने. म्हणून हा वेग दोन्ही गटांच्या आकारांच्या गुणाकारावर ठरतो. एक समस्याग्रस्त पिणारा सरासरी किती नवे तयार करतो, तो पुनरुत्पादन अंक. प्लेगमध्ये हा अंक एकाखाली गेला की साथ विझते. दारूत मात्र सोडलेला माणूस संगतीने पुन्हा सुरू करतो. हे परत घसरणं जोरात असेल तर अंक एकाखाली असतानाही वस्तीत दारू टिकून राहते, असं त्या मॉडेलमधून निघालं. एकदा रुजलेली दारू हटवायला, ती मुळात रुजू न देण्यापेक्षा कितीतरी जास्त बळ लागतं.

याची मर्यादा अशी की त्यात जाहिरात, मजुरीच्या दिवशी हातात येणारे पैसे किंवा दुकानाचं अंतर यांना जागा नाही. मी ते दिशा समजण्यासाठी वापरतो, आकडा सांगण्यासाठी नाही.

११. मग व्यसनमुक्ती केंद्रांचा उपयोग काय, लोक परत पितातच ना?

उपयोग आहे, पण दाखल केलं आणि सोडून दिलं एवढ्याने नाही. प्रश्न १० मधल्या मॉडेलमध्ये उपचारांचा वेग वाढवला आणि परत घसरण्याचा वेग तसाच ठेवला, तर पिणाऱ्यांची संख्या फारशी हलत नाही. घरी परतल्यावरचा पाठपुरावा, कुटुंबाचा आधार आणि सोबत न पिणारे मित्र हे धरले की आलेख वाकतो. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या ठिकाणी पाठपुराव्यावर भर असतो तो याचसाठी.

सगळ्यांनाच केंद्राची गरज नसते. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत, हानिकारक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांना प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी थोड्या बैठका दिल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तीन महिन्यांनी ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले होते, आणि नेहमीच्या सेवेत २६ टक्के. फरक १० टक्क्यांचा, म्हणजे दर १० जणांना समुपदेशन दिलं की एक जास्तीचा माणूस सावरतो. तालुक्याचं मॉडेल करताना हा आकडा हाताशी ठेवा, कारण तो आपल्याच शेजारचा आहे.

१२. दारू महाग केली तर लोक कमी पितील, की घरातलं धान्य विकून पितील?

दोन्ही घडतं, आणि मॉडेलने दोन्ही धरायला हवं. जगभरातल्या अभ्यासांचा गोषवारा असा की किंमत १० टक्क्यांनी वाढली तर एकूण खप सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. जास्त पिणाऱ्यांमध्ये घट त्याहून कमी, ३ टक्क्यांच्या आसपास. पण ते मुळात इतकं पितात की ३ टक्केही बरेच ग्रॅम होतात.

स्कॉटलंडमध्ये आधी मॉडेल झालं, मग कायदा. शेफिल्ड विद्यापीठाच्या मॉडेलच्या आधारे २०१२ मध्ये प्रति युनिट किमान किंमत ठरवणारा कायदा झाला. स्कॉच व्हिस्की असोसिएशन न्यायालयात गेली, निकाल लागेपर्यंत पाच वर्षं गेली, आणि १ मे २०१८ ला ५० पेन्स हा दर लागू झाला. इंग्लंडशी तुलना करून काढलेल्या अंदाजानुसार २०२० अखेरपर्यंत निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, कायदा नसता तर झाले असते त्यापेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी झाले. वर्षाला सुमारे १५० माणसं. सप्टेंबर २०२४ अखेर हा दर ६५ पेन्स केला. पूर्ण अवलंबून असलेल्या काही जणांनी जेवणावरचा खर्च कमी करून दारू घेतली, हेही तिथे नोंदवलं गेलं. त्यांच्यासाठी किमतीबरोबर उपचार हवेच.

महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. उद्देश महसुलाचा होता, पण आरोग्याच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे आणि त्याचा अभ्यास व्हायला हवा. इथे स्कॉटलंडची नक्कल चालणार नाही. तिथे माणूस महाग व्हिस्की सोडून हातभट्टीकडे वळत नाही. आपल्या मॉडेलमध्ये विदेशी, देशी आणि हातभट्टी असे तीन वेगळे प्रवाह आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचा दर हवाच.

१३. दारूबंदीने खरंच फरक पडतो का? गडचिरोली म्हणतं पडतो, चंद्रपूर म्हणतं नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला आली आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली. दोन्ही बाजू ‘आधी किती, नंतर किती’ एवढंच सांगतात, आणि तिथेच गणित फसतं. बंदीनंतर अवैध दारूचे गुन्हे वाढणारच, कारण आधी ती विक्री गुन्हाच नव्हती. गुन्ह्यांची संख्या वाढली म्हणून पिणं वाढलं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

योग्य पद्धत म्हणजे फरकांचा फरक. बंदीच्या जिल्ह्यात बदल किती झाला, त्याच काळात बंदी नसलेल्या सारख्या जिल्ह्यात किती झाला, आणि या दोन बदलांतला फरक. बिहारवर असा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६ च्या बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणारे सुमारे २४ लाखांनी कमी झाले आणि जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचे सुमारे २१ लाख प्रकार टळले, असा त्यातला अंदाज आहे.

मग प्रश्न ३ मधला बिहारचा १५.५ टक्क्यांचा आकडा खोटा का? नाही. ‘महाराष्ट्रापेक्षा बिहारमध्ये जास्त पितात, म्हणजे बंदी फसली’ ही तुलना चुकीची आहे. बिहारची तुलना बंदी नसती तर बिहार कसा असता याच्याशी व्हायला हवी. एक शंका मात्र शिल्लक राहतेच. बंदी असताना माणूस सर्वेक्षकाला ‘पितो’ म्हणून सांगायला कचरतो, त्यामुळे घट खऱ्यापेक्षा मोठी दिसू शकते. हिंसेबद्दल मात्र बायका सांगतात, पिणारे पुरुष नाही. म्हणून तो निष्कर्ष मला जास्त भक्कम वाटतो.

बंदी असली तरी अंमलबजावणीचा दर मॉडेलमध्ये हवा. गडचिरोलीत बंदीनंतर तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, मुक्तिपथ हे दारू-तंबाखू कमी करण्याचं अभियान सुरू करावं लागलं. कागदावरची बंदी आणि गावातली बंदी या दोन वेगळ्या राशी आहेत.

१४. दारू कमी झाली तर परिणाम दिसायला किती वर्षं लागतात?

आजारावर अवलंबून आहे. अपघात, मारामाऱ्या, विषबाधा लगेच कमी होतात. कर्करोगाला दहा वर्षं आणि त्याहून जास्त लागतात. सिरॉसिस वर्षानुवर्षं तयार होतो, म्हणून त्याचे मृत्यूही सावकाश उतरतील असं वाटतं, पण तसं होत नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये वाइनचं रेशनिंग झालं आणि काही वर्षांतच सिरॉसिसचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात खाली आले. कारण सिरॉसिसच्या काठावर उभे असलेले बरेच जण असतात आणि दारू थांबली की त्यांचा तोल सावरतो. सोव्हिएत संघात १९८५ ची दारूविरोधी मोहीम सुरू झाल्यावर रशियातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान दोनतीन वर्षांत सुमारे तीन वर्षांनी वाढलं, आणि मोहीम ढिली पडून व्यवस्था कोसळल्यावर त्याहून जास्त घसरलं.

१५. बायकोला मारहाण, कर्ज, मुलीची सुटलेली शाळा, हे सगळं मॉडेलमध्ये येतं का?

बहुतेक मॉडेलमध्ये येत नाही, आणि ही मला त्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते. आजारांचं गणित पिणाऱ्याच्या शरीरापाशी थांबतं. त्याच्या गाडीखाली आलेला पादचारी कधी मोजला जातो, पण रात्रभर जागी राहिलेली बायको कुठल्याच रकान्यात नसते. महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’च्या मतदानातून दुकानं बंद करण्याचा हक्क बायकांना मिळाला, तो या मोजल्या न गेलेल्या नुकसानामुळेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याचं पिणं आणि हिंसा या दोन्हींची माहिती बायकांकडून घेतात. ती वापरून प्रश्न ६ मधलं सूत्र हिंसेलाही लावता येतं. अभ्यास हाती घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं.

१६. विषारी दारूचे बळी या हिशेबात धरायचे का?

वेगळे ठेवा. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती मेथॅनॉल या विषारी अल्कोहोलने. अशी घटना क्वचित घडते आणि घडली की एका झटक्यात शेकड्यात जाते. सरासरीवर बांधलेला गुळगुळीत वक्र तिला पकडू शकत नाही. दहा वर्षांची सरासरी काढून ‘वर्षाला इतके’ असं मांडणं तर सरळ दिशाभूल आहे.

१७. आमच्या गावात गेल्या वर्षी दारूने तीन जण गेले. आधीच्या वर्षी एक होता. तिप्पट झालं म्हणायचं का?

म्हणू नका. इतक्या लहान आकड्यांत योगायोगाचा भाग फार मोठा असतो. तीन मृत्यू दिसले, तर त्यामागचा खरा वार्षिक दर ०.६ पासून ८.८ पर्यंत कुठेही असू शकतो, इतका ९५ टक्के विश्वास-अंतराचा पट्टा रुंद आहे. गावाचे पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करा, नाहीतर शेजारची गावं जोडून तालुका पातळीवर बघा. गेलेली तीन माणसं यामुळे कमी महत्त्वाची ठरत नाहीत. ग्रामसभेत त्यांच्याबद्दल बोलायला टक्केवारीची गरज नाही.

१८. माझे यजमान रोज क्वार्टर घेतात. मॉडेलप्रमाणे त्यांचं किती आयुष्य उरलं?

ताई, हे कोणतंच मॉडेल सांगू शकत नाही, आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इथले सगळे आकडे हजारो माणसांच्या गटाचे आहेत. एवढं नक्की की रोज सहा मात्रा हे प्रमाण धोक्याचं आहे. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करू नका. हात थरथरणं, झटके येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत मदतवाहिनी १४४४६ आहे. तुम्ही स्वतःसाठीही तिथे बोलू शकता.

१९. आमच्या तालुक्यासाठी हे करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्पादन शुल्क विभागाकडून पाच वर्षांची तालुकानिहाय विक्री माहिती अधिकारात मागा, प्रकारानुसार वेगळी. आकडा बल्क लिटरमध्ये (बाटलीतला एकूण द्रव) आहे की प्रूफ लिटरमध्ये हे लेखी विचारा. एक प्रूफ लिटर म्हणजे ०.५७१ लिटर शुद्ध अल्कोहोल, सुमारे ४५० ग्रॅम, आणि इथे गफलत झाली तर पुढचं सगळं चुकतं. तालुका सीमेवर असेल किंवा महामार्गावर ढाबे असतील, तर विकली गेलेली दारू स्थानिकांनीच प्यायली असं धरू नका.

मग काही गावांत घरोघरी, जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची प्रश्नावली मराठीत भरून घ्या. पुरुषांशी पुरुषांनी आणि बायकांशी बायकांनी बोलावं, दोन्ही वेगवेगळ्या जागी. हातभट्टी कुठे मिळते आणि पावशेरला काय पडते हे बायकांना बऱ्याचदा अचूक माहीत असतं. क्षयरोगाची नोंदवही, ग्रामीण रुग्णालयातले अपघाताचे रुग्ण आणि ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद हा तिसरा भाग. हाताशी एवढं आलं की प्रश्न २, ४ आणि ६ मधले हिशेब साध्या स्प्रेडशीटवर होतात. प्रत्येक गृहीतकासाठी तीन आकडे घ्या, कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त, आणि तिन्ही उत्तरं छापा. अधिकारी एकच आकडा मागतील. त्यांना मधला द्या, पण बाकीचे दोन त्याच पानावर असू द्या.